डावीकडे झुकलेलं बटन

परवा आमच्या घरच्या टेपरेकॉर्डरचा डावा डबा बसला. अगदी मुका झाला असं नाही, पण उजव्या डब्यातून बाई गात होत्या आणि डाव्यातून त्यांची सावली गात होती. मुलगा म्हणाला, "बाबा, स्पीकर गेला." बायको म्हणाली, "स्पीकर कशाला जातोय, मशीनच जुनी झाली." मी मात्र शेवटच्या अंकात प्रवेश करणाऱ्या नटासारखा खुर्चीवरून उठलो. दोघांकडे एकेक भेदक कटाक्ष टाकला, मशीनच्या मागे वाकलो, डाव्या डब्याची वायर उजवीकडे खोचली, उजव्याची डावीकडे, आणि म्हणालो, "आता ऐका. कमी आवाज त्याच डब्यात राहिला तर डबा दोषी. दुसऱ्या डब्यात गेला तर मशीन दोषी. तोवर कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही."

कमी आवाज दुसऱ्या डब्यात गेला. म्हणजे डबा निर्दोष सुटला. मशीनच्या मागच्या भोकात धूळ होती, ती कापसानं पुसली आणि बाई दोन्हीकडून गायला लागल्या. टाळ्या काही मिळाल्या नाहीत. आमच्या घरी तशी पद्धत नाही. पण मिळाल्या असत्या तरी त्या माझ्या नव्हत्या. ते वाक्य माझं नाही, ती वायर खोचण्याची रीत माझी नाही. ती सहारेभाऊंची.

नागपूरभरच्या लोकांचे डावे-उजवे आवाज सारखे करून देणाऱ्या या माणसाला मनातून एकाच माणसाचा आवाज सारखा करून द्यायचा होता. काटोलजवळ राहणाऱ्या आपल्या धाकट्या भावाचा, नामदेवचा. नामदेवला डाव्या कानानं ऐकू येत नसे. त्याच्यासाठी केलेली दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोचली की नाही, हे सहारेभाऊंना कळत नव्हतं. गोष्ट एवढीच आहे. पण एवढ्यात सोडून देणाऱ्यांतला मी नाही, हे माझ्या ओळखीच्या लोकांना ठाऊक आहे.

महादेव सहारे आमच्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मी तिथं मराठी शिकवायचो, म्हणजे माझा आणि विजेचा संबंध पंख्याच्या बटनापुरता. पोरं त्यांना सहारेभाऊ म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो. बेताची उंची, सावळा रंग, पांढरा पायजमा, पांढरा बुशशर्ट. लोक जिथं पेन अडकवतात तिथं यांचा पेचकस. दुसऱ्या खिशात काडेपेटी असायची, पण बिडी ओढताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. मी एकदा मोठ्या ऐटीत ती काडेपेटी मागितली, सिगरेट तोंडात धरून. त्यांनी दिली. उघडली तर आत कापूस!

"काड्या कुठं आहेत, सहारेभाऊ?"

"काडीनं काय होते सर? जळते. कापसानं पुसता येते."

प्रयोगशाळेत फुटतुटीची एक वही होती. तीन रकाने: काय फुटलं, कधी फुटलं, कोणी फोडलं. सहारेभाऊंच्या कारकिर्दीत तिसरा रकाना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा. एकदा प्राचार्यांनी ती वही सगळ्यांसमोर उघडली.

"सहारे, फोडणाऱ्याचं नाव लिहायला काय होतं तुम्हाला?"

"पाह्यलं नाही जी मी."

"अहो, तुम्ही समोर उभे होता!"

"समोर होतो जी. पण त्याच्या जागी नव्हतो."

प्राचार्यांनी वही मिटली. मीही मनातल्या मनात हे वाक्य पुढेमागे कुठंतरी आपलं म्हणून खपवायचं ठरवलं. का लिहीत नसेल हा माणूस नावं, हा प्रश्न मला पडला नाही. पडायला हवा होता.

"आधी अदलाबदल" हे त्यांचं वाक्य. दोन पोरं भांडत आली की याचं मीटर चांगलं आणि माझं खराब, तर भाऊ मीटरला हातही लावायचे नाहीत. "तू त्याच्या जागी बस गा, अन् तू याच्या." पोरं जागा बदलायची, पुन्हा आकडे लिहायची, आणि दोघांचेही आकडे पहिल्याइतकेच चुकीचे यायचे. मग भाऊ तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "मीटर दोन्ही बरे आहेत. आता पुस्तक उघडून पाहा."

ते हसत नसत. मी इतकी वर्षं पाहिलं, त्यांच्या बोलण्यावर सगळे हसायचे आणि ते मात्र पेचकस पुसत असायचे.

सत्तरनंतर नागपुरात हौशी लोकांच्या घरी स्टिरिओ यायला लागले. दोन डब्यांची ती मशीन आली आणि सहारेभाऊंची मागणी वाढली. सुट्टीच्या दिवशी लोक त्यांना घेऊन जायचे, आणि मी फुकटचा प्रेक्षक म्हणून मागून निघायचो. असले खेळ मी चुकवत नाही.

इतवारीत बाबूरावजी म्हणून एक कापडाचे व्यापारी होते. त्यांनी मुंबईहून स्टिरिओ आणवला आणि दुकानासमोरच्या लोकांना जिलबी वाटली. तक्रार अशी की, "एक डबा गाणं म्हणते, दुसरा डबा म्हणतच नाही. बायकांचा डबा मुका निघाला."

"बायकांचा डबा?" मी विचारलं.

तर झालं होतं असं, की दोन डबे पाहून बाबूरावजींनी न्यायानं वाटणी केली होती. एक डबा बैठकीत पुरुषांसाठी, आणि दुसरा लांब वायर ओढून आत सैपाकघरात, बायकांना. मनात भेदभाव नव्हता बिचाऱ्यांच्या. पण त्या काळच्या तबकड्यांत गाणारा एका बाजूला आणि वाजवणारे दुसऱ्या बाजूला असा प्रकार पुष्कळदा असे. बैठकीत गाणं येत होतं. आत, फोडणीच्या धुरात, फक्त तबला.

आतून काकूंचा आवाज आला, "दोन महिने झाले जी, नुसता ठेका ऐकून राहिलो आम्ही! सुना पोळ्या बी तालात लाटाले लागल्या!"

सहारेभाऊंनी वायरींची अदलाबदल केली. आता सैपाकघरात गाणं सुरू झालं. पोळपाटाचा आवाज थांबला. बैठकीत गादीवर बसलेल्या आठ पुरुषांसमोर नुसता तबला वाजू लागला.

"हे काय करून ठेवलं भाऊ? इथं तं गाणंच नाही!"

"डबे दोन्ही चांगले आहेत. मशीन बी चांगली आहे," सहारेभाऊ म्हणाले. "एकाच गाण्याचे दोन भाग आहेत हे. दोन्ही डबे एका खोलीत ठेवा, मंग ते पुरं होते."

"अन् बायकाइनं काय करायचं?"

"त्याइले बी त्याच खोलीत बसवा."

बाबूरावजी विचारात पडले. हा स्टिरिओचा उपाय त्यांना मशीनपेक्षा महाग पडणार होता.

"तं मंग राहू द्या असंच," भाऊ पायजम्याची धूळ झटकत उठले. "दोन महिने तुम्ही तबला ऐका. मंग मले बोलवा, सांगतो दोष कुठं आहे ते."

दोन महिने लागले नाहीत. आठव्या दिवशी मी मुद्दाम इतवारीत गेलो, तर दोन्ही डबे बैठकीत, आणि काकू उंबऱ्याशी पाट घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या. मी नमस्कार केला. त्यांनी तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. अंतरा सुरू होता.

दुसरा प्रसंग धंतोलीतला. तिथं एक हाडांचे डॉक्टर होते, शिस्तीचे, रागीट. त्यांच्या मशीनचा उजवा डबा कमी वाजत होता. तीन मेकॅनिक येऊन गेले होते आणि तिघांनी तीन दोष काढले होते. सहारेभाऊंनी वायरींची अदलाबदल केली. डॉक्टर म्हणाले, "अजून उजवीकडेच कमी." भाऊंनी डबेच उचलून इकडचे तिकडे केले. "अजून उजवीकडेच." मला मजा वाटू लागली. नाटकात तिसरी घंटा झाल्यावर वाटते तशी.

भाऊ म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता एक करा. खुर्ची उलटी फिरवा अन् डब्याकडे पाठ करून बसा."

"मशीनकडे पाठ?"

"बसा तं खरं."

डॉक्टर बसले. डोळे मिटून ऐकलं. "उजवीकडेच कमी आहे," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या आवाजातला राग विरत गेला. कारण त्यांची उजवी बाजू आता डाव्या डब्याकडे झाली होती. डबे होते तिथंच होते आणि कमीपणा मात्र डॉक्टरांबरोबर फिरला होता.

"मशीन बरी आहे," सहारेभाऊ म्हणाले. "आता तुम्ही एखांद्या डॉक्टरले दाखवा."

मी तोंडात रुमाल कोंबला. डॉक्टर मोठ्या मनाचे निघाले, स्वतःच खदखदून हसले. शेजारच्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टरकडे गेले. उजव्या कानात मळाचा खडा, दुसरं काही नाही. अर्ध्या तासात कान मोकळा करून परत आले आणि चहा सांगितला.

चहा पिताना सहारेभाऊंनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, माणसाचा एक कान कायमचाच गेला, तं त्याले कसं आयकू येत असन?"

"एका कानानंही ऐकू येतं की. पण आवाज कुठून आला ते कळत नाही. मागून कोणी हाक मारली तर माणूस चारी दिशांना बघत बसतो. आणि गेलेल्या बाजूचं सगळं दबून येतं, डोक्याच्या आडून."

"त्या बाजूचं वाढवून देल्लं तं?"

"तर बरंच सारखं वाटेल. पण किती वाढवायचं, हे तोच सांगू शकेल. आपल्याला नाही कळणार."

भाऊंनी कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच होता. परतताना मी डॉक्टरांच्या पाठमोऱ्या खुर्चीची नक्कल करत होतो, रस्त्यावर, हातवारे करून. ते सायकल हातात धरून माझ्याशेजारी चालत होते, आणि त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

त्यांचं घर सक्करदऱ्याकडे, दोन खोल्यांचं. पहिल्या खोलीत त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेला स्टिरिओ. सागवानाचे दोन डबे, त्यांच्यासमोर एकच लाकडी खुर्ची. तिच्या पायांना जमिनीवर खडूच्या खुणा होत्या, म्हणजे झाडताना सरकली तरी पुन्हा तिथंच यावी. मशीनवर डावा-उजवा आवाज कमीजास्त करण्याचं गोल बटन होतं. ते मधोमध नव्हतं, डावीकडे चांगलं झुकलेलं होतं. जिथं त्याची रेघ थांबली होती तिथं, समोरच्या पत्र्यावर, कुंकवाचा एक ठिपका.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डावा डबा दणदणत होता आणि उजवा कसाबसा बोलत होता.

"सहारेभाऊ, गावभर सारखं करून देता अन् घरी लंगडं!"

"आमच्या घरी बरोबर आहे हे," ते म्हणाले.

ही गोष्ट मी कॉलेजात तिखटमीठ लावून सांगितली. वैद्याच्या घरी खोकला, असा माझा मथळा होता. लोक हसले. मीच जास्त हसलो असेन.

नामदेव महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी काटोलहून बसनं यायचा. घरची थोडी संत्र्याची बाग होती, ती तो पाहायचा. चाळिशी ओलांडलेला, उंच, धोतर आणि खांद्यावर दुपट्टा. बोलणाऱ्याकडे मान थोडी तिरपी करून, उजवा कान पुढे देऊन ऐकायचा. त्यामुळं तो तुमच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला आधीच तयार आहे असं वाटे. सहारेभाऊ त्याला आणायला बसस्टँडवर जायचे. रस्त्यानं चालताना ते नेहमी त्याच्या डाव्या बाजूला असत, कारण त्या बाजूनं आलेली गाडी त्याला ऐकू आली नसती. पण त्या बाजूनं बोललेलंही रस्त्याच्या गलक्यात त्याला ऐकू येत नसे. म्हणून दोघे भाऊ बसस्टँडपासून घरापर्यंत एकही शब्द न बोलता यायचे.

अशाच एका रविवारी मी आधी जाऊन बसलो होतो. भाऊ बसस्टँडवर गेलेले. वहिनी आत चहा ठेवत होत्या. समोर ते झुकलेलं बटन. मला राहवलं नाही. आयुष्यात अनेक बटनं मी अशीच फिरवली आहेत. मी उठलो, बटन फिरवून बरोब्बर मधोमध आणलं आणि सोवळ्यातल्या माणसासारखा जागेवर येऊन बसलो. भाऊ येतील, ऐकतील, चमकतील, मी म्हणेन, "बघा, मास्तर मराठीचा असला तरी दुरुस्ती जमते!" संवादसुद्धा तयार होता.

दोघे आले. नामदेवनं संत्र्यांची पिशवी वहिनींच्या हाती दिली, मला रामराम केला आणि त्या लाकडी खुर्चीत जाऊन बसला, दोन्ही हात मांडीवर ठेवून. भाऊंनी तबकडी लावली, सुई टेकवली आणि त्याच्या उजव्या बाजूला वाकून विचारलं, "कसं येते नामा?"

"मस्त येते भाऊ. एकदम सारखं येते. दोन्हीकडून."

सहारेभाऊंनी मान वर केली. त्यांनाही आज ते सारखं येत होतं, आणि त्यांना ते सारखं यायला नको होतं. त्यांनी बटनाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझा संवाद घशातच राहिला, कारण असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

त्यांनी गाणं संपू दिलं. मग बटन कुंकवाच्या ठिपक्यावर आणलं, तीच तबकडी पुन्हा लावली. "आता कसं येते?"

"आता बी मस्तच येते भाऊ," नामदेव म्हणाला. त्याच प्रेमानं, त्याच घाईनं.

मी निघालो तेव्हा ते मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले.

"बटन कोणी फिरवलं ते मी विचारत नाही," ते म्हणाले.

"मी फिरवलं, सहारेभाऊ. थट्टा केली."

"असू द्या."  मग बोलू लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"सर, तीस वर्षं झाली. गावात मी पहिला रेडिओ बांधला होता, बॅटरीवरचा. सारं गाव आयकाले येत होतं. नामा सतरा-अठराचा असन. दिवसभर त्याच्यापाशीच बसे. एक दिवस सकाळी रेडिओ बंद. मी आलो तं हा बटन फिरवून राहिला होता. मले वाटलं यानंच बिघडवला. काही विचारलं नाही, पाह्यलं नाही, कानाखाली देल्ली. डाव्या. रक्त आलं. मंग रेडिओ खोलला, तं आत वायरीचा टाका सुटला होता. मी देलेला टाका. घाईत देल्ता, कच्चा राह्यला होता."

रस्त्यानं एक टांगा गेला. 

"बापानं साऱ्या गावाले सांगतलं, तापात कान गेला म्हणून. नामानं बी तेच सांगतलं. आजपावेतो त्यानं मले एकडाव विचारलं नाही, भाऊ, काहून मारलं? विचारलं असतं तं मी त्याचे पाय धरले असते. ते डॉक्टर बोलले ना, त्या बाजूचं वाढवून देल्लं तं सारखं वाटन? मंग मी ही मशीन बांधली. दसऱ्याले त्याले या खुर्चीत बसवलं, डोळ्यावर दुपट्टा बांधला, बटन हळूहळू फिरवलं. एका जागी तो म्हणाला, 'थांब भाऊ, इथंच.' पूजेचं ताट समोरच होतं. हिनं तिथं कुंकू लावलं. मले वाटलं, चला, इतकं तं वापस देल्लं."

"दिलंतच की."

"आज तुम्ही बटन मधात आणलं तरी तो मस्तच म्हणाला. मी काही बी केलं तं तो मस्तच म्हणते, सर. माह्या जिवाले लागू नये म्हणून. मंग त्या दिवशी तरी तो खरं बोलला का, हे मी आता कोणाले विचारू?"

"त्यालाच विचारा."

"त्याले विचारलं तं 'खरंच बोललो' म्हणन." ते वळले. "तो तं तेच म्हणन."

मी आजवर पुष्कळ थट्टा केल्या. बहुतेकांचा मला अभिमान आहे. ही एक मला परत घ्यायची होती, आणि तशी सोय नव्हती.

त्यानंतर नामदेव येत राहिला, खुर्चीत बसत राहिला, तबकड्या वाजत राहिल्या. पण "कसं येते नामा?" हे सहारेभाऊ विचारेनासे झाले. मान वळवून नुसते सुईकडे पाहत बसायचे. एकदा भाऊ आत गेलेले असताना नामदेवनं मला हळूच विचारलं, "सर, भाऊ आता विचारत नाही जी, कसं येते म्हणून. माह्याकडून काही चुकलं का?"

इतका बोलका माणूस मी, पण त्या दिवशी मला एक वाक्य जमलं नाही. "नाही हो, त्यांचं आताशा लक्ष नसतं," असं काहीतरी म्हणालो.

सहारेभाऊ निवृत्त झाले त्याच हिवाळ्यात नामदेव गेला. धंतोलीतल्या एका दवाखान्यात पंधरा दिवस होता. भाऊ त्याच्या खाटेच्या उजव्या बाजूला स्टुलावर बसून असायचे, ऐकू यावं म्हणून. काय बोलायचे ते मी ऐकलं नाही. वहिनी म्हणाल्या, शेवटी शेवटी बोलणं नव्हतंच, नुसता हात धरलेला असायचा. त्याला जे विचारायचं होतं ते भाऊंनी विचारलं नाही, एवढं मात्र मला नंतर समजलं.

तेरावं झाल्यावर काही दिवसांनी मी दुपारचा त्यांच्याकडे गेलो. भाऊ पहिल्या खोलीतच होते. नामदेवच्या खुर्चीत बसलेले. डाव्या कानात कापूस. नुसता बोळा नव्हे, मेणात बुडवून चांगला ठासलेला, वरून बोट दाबलेलं.

"या सर. बरं झालं आले. दुसऱ्या माणसाशिवाय हे होत नाही."

त्यांनी नामदेवचा दुपट्टा डोळ्यांवर बांधला. मी सुई टेकवून बटनापाशी उभा राहिलो. त्यांच्या सांगण्यावरून ते पार उजवीकडे नेलं आणि तिथून हळूहळू डावीकडे फिरवू लागलो.  मधली रेघ गेली. पुढे. आणखी पुढे.

"थांबा."

मी वाकून पाहिलं. बटनाची रेघ कुंकवाच्या ठिपक्यावर होती. ठिपका सोडून गव्हाच्या दाण्याएवढीही इकडे नाही, तिकडे नाही.

"कुंकवावर आहे, सहारेभाऊ! बरोब्बर कुंकवावर!"

त्यांनी दुपट्टा सोडला. बटनाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही आता नेऊन ठेवलं तिथं."

"शपथ घेतो, भाऊ."

"तुम्ही बी नामासारखेच," ते म्हणाले. रागानं नव्हे.

जन्मभर कमावलेली कीर्ती होती माझी. ती नेमकी त्या दुपारी वसूल झाली. खरं सांगत होतो आणि समोरचा माणूस माझी कीव करत होता. मी हात जोडले, गळ्याची शपथ घेतली, आतून वहिनींना साक्षीला बोलावलं. त्या चुलीपाशी होत्या, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. मग एकाएकी मला सुचलं. सुचायला काही अक्कल लागत नव्हती, ते त्यांचंच होतं.

"सहारेभाऊ, आधी अदलाबदल."

त्यांनी कानातला कापूस काढला. मग उठले.

मी खुर्चीत बसलो. त्यांनी काडेपेटीतून नवा कापूस काढला, मेण लावून माझ्या डाव्या कानात ठासला, अंगठ्यानं दाबून पाहिला. दुपट्टा डोळ्यांवर बांधला. त्याला संत्र्याच्या सालीचा वास होता. मग बटन कितीतरी वेळ इकडून तिकडे फिरवलं, मला कुठं आहे याचा पत्ता लागू नये म्हणून, आणि सुई टेकवली.

आधी सगळं उजवीकडेच होतं. डावीकडे नुसती भिंत. मग त्या भिंतीतून आवाज हळूहळू वर येऊ लागला. कुठं थांबवलं की त्यांना बरं वाटेल हे मला माहीत होतं, पण बटन कुठं आहे तेच माहीत नव्हतं. लबाडी करायची इच्छा असूनही करता येऊ नये अशी जागा मला त्यांनी दिली होती. मी आयुष्यात इतक्या मनापासून काहीच ऐकलेलं नाही. आवाज वाढला, जवळ आला, आणि एका क्षणी गाणं उजवीकडेही राहिलं नाही, डावीकडेही नाही. ते माझ्या समोर उभं राहिलं.

"थांबा," मी म्हणालो.

 कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. मी स्वतःच दुपट्टा सोडला. सहारेभाऊ माझ्याकडे पाठ करून मशीनपाशी उभे होते. एक बोट बटनाच्या रेघेवर टेकलेलं. कुंकू दिसत नव्हतं, ते बोटाखाली होतं.

"ऐकलं का वं," ते आत पाहून म्हणाले. "नामा त्या दिवशी खरं बोलला होता."

"मंग काय तं," वहिनी आतून म्हणाल्या. "तुमालेच खरं वाटे ना."

चहा झाला. सहारेभाऊ मला कोपऱ्यापर्यंत सोडायला निघाले. चपला घालताना ते माझ्या उजव्या हाताला होते. रस्त्यावर आल्यावर मागून वळसा घालून डावीकडे आले. माझ्या कानातला कापूस तसाच होता, काढायचं माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. त्यांच्या लक्षात होतं की काय, कोण जाणे. कोपरा येईपर्यंत ते त्या बाजूनं अगदी हळू आवाजात काहीतरी बोलत होते. ओठ हलताना दिसत होते. शब्द एकही पोचला नाही.

कोपऱ्यावर त्यांनी विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"मस्त, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि ते माघारी वळले. पांढरा बुशशर्ट, पांढरा पायजमा. रस्त्याच्या उजव्या कडेनं, उजव्या हाताला एका माणसाची जागा सोडून चालत गेले.